लाखीशचा तिसरा थर

इसवी सनापूर्वी ७०१ मध्ये अश्शूरचा राजा सन्हेरीब याने यहूदा राज्यातलं लाखीश जाळलं. त्याच सुमाराला आपल्या शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी, इनामगावची वस्ती उठत आली होती. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात इनामगावच्या पांढरीत, म्हणजे जुन्या वस्तीच्या जागेत, खणून शंभरावर घरं उघडी केली. तिथे ना राजाचं नाव होतं, ना लेख, ना ग्रंथ. माती, राख, हाडं, जळके दाणे आणि खापरं एवढ्यावरच खणणाऱ्यांना सगळं मांडावं लागलं, आणि त्यांनी ते मांडलं. लाखीशला मात्र कुदळ लागायच्या आधीपासून गोष्ट तयार होती. बायबलमधलं 'दुसरे राजे', सन्हेरीबाचे स्वतःचे लेख, त्याच्या निनवेच्या राजवाड्यातली लाखीशच्या वेढ्याची शिल्पं, सगळं हाताशी. तरीही लाखीशच्या तिसऱ्या थराची तारीख पक्की व्हायला चाळीसेक वर्षं गेली. बायबलच्या भूमीतलं उत्खनन समजून घ्यायचं तर या थरासारखं उदाहरण नाही, म्हणून हा लेख त्याच्याभोवती.

पुण्यात या विषयाला वाचक आहेत. लाल देवळात, म्हणजे ज्यूंच्या सिनेगॉगमध्ये, तोरा हिब्रूत वाचली जाते, कॅम्पातल्या चर्चांमध्ये मराठी बायबल वाचलं जातं, आणि पंडिता रमाबाईंनी अख्खं बायबल मराठीत आणलं ते इथून जवळच, केडगावला. या वाचकांकडून येणारा प्रश्न बहुतेकदा एकच असतो: उत्खननाने बायबल खरं ठरलं की खोटं? माझं म्हणणं असं, की हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारायचा. आधी थर सुटे करायचे, मग त्या थरातल्या खापरांवरून काळ ठरवायचा, आणि मगच ग्रंथ उघडायचा. हा क्रम उलटा झाला की काय होतं त्याचे दाखले भरपूर आहेत.

टेलपासून सुरुवात करू. टेल म्हणजे वस्तीवर वस्ती बसून झालेलं टेकाड. कच्च्या विटांचं घर पन्नासेक वर्षांत पडायला येतं. पडलं की ढिगारा उचलून न्यायच्या भानगडीत कोणी पडत नाही, तो सपाट करून त्यावरच नवं घर उभं राहतं. झरा किंवा विहीर जवळ, व्यापाराचा रस्ता पायथ्याशी, भोवती तटबंदी. त्यामुळे लोक जागा सोडत नाहीत आणि माती वाहून जात नाही. यरीहोचं टेकाड असं वीस मीटरांहून उंच झालंय. मगिद्दोला शिकागो विद्यापीठाच्या लोकांनी १९२५ ते १९३९ मध्ये वीस थर मोजले.

थर एकावर एक सपाट पसरलेले असतात ही समजूत मात्र पहिल्याच दिवशी सोडावी लागते. टेकाडाच्या कडेला थर उतरते असतात. कुठे नव्या घरासाठी जुना थर कापून जागा सपाट केलेली असते, कुठे भराव टाकलेला असतो. दहा मीटर अंतरावरच्या दोन घरांच्या जमिनी एकाच उंचीवर सापडल्या तरी त्यांच्यात तीनशे वर्षांचं अंतर असू शकतं. म्हणून समुद्रसपाटीपासूनची उंची नोंदायची ती जागा कळावी म्हणून. काळ ठरवायचा तो कोणता थर कोणाला कापतो आणि कोण कोणावर बसलाय यावरून.

खणायची पद्धत साधारण अशी. टेकाडावर पाच बाय पाच मीटरचे चौकोन आखतात. दोन चौकोनांमध्ये एक मीटर रुंदीचा मातीचा बांध न खणता ठेवतात, म्हणजे प्रत्यक्ष खणायला मिळतात चार बाय चार मीटर. या बांधाच्या उभ्या बाजूंवर वरपासून खालपर्यंत सगळे थर दिसतात, त्याला छेद म्हणतात. छेद ओळंब्यात सरळ हवा आणि रोज थापीने खरवडून ताजा ठेवायला हवा. उन्हात वाळलेल्या छेदावर सगळी माती एका रंगाची दिसते. पहाटे, अजून ओलसर असताना, किंवा पाण्याचा बारीक फवारा मारल्यावर रंग उठून दिसतात, म्हणून छेदाचं चित्र आणि फोटो सकाळीच.

मातीचा रंग, पोत किंवा घट्टपणा बदलला की नवा क्रमांक द्यायचा. त्या क्रमांकाला लोकस म्हणतात. भिंत एक लोकस, तिच्याशेजारचा ढिगारा दुसरा, खालची जमीन तिसरा, त्या जमिनीत खणलेला खड्डा चौथा. प्रत्येक लोकस सुरू होताना आणि संपताना उंची घ्यायची. लोकस तोच राहिला तरी खापरांच्या बादलीचा क्रमांक रोज नवा. चिठ्ठीवर क्षेत्र, चौकोन, लोकस, बादली, तारीख. चिठ्ठी नसलेली बादली फेकण्याच्याच लायकीची, मग तिच्यात कितीही सुंदर भांडं असो. आणि जमिनीच्या वरच्या शेवटच्या पाच-दहा सेंटिमीटरमधली खापरं नेहमी वेगळी ठेवायची. तिथे सापडलेलं घर सोडतानाचं किंवा जळतानाचं असतं. वरच्या ढिगाऱ्यात मात्र काहीही असू शकतं, कारण त्या काळच्या विटांच्या मातीतच आणखी जुनी खापरं मिसळलेली असतात.

जमीन ओळखणं अवघड असतं. चोपलेल्या मातीची जमीन दोन-तीन सेंटिमीटरचीच, आणि नवखा हात टिकावाच्या एका घावात तिच्या पार जातो. खुणा दोन आहेत. खापरं आडवी, पसरट पडलेली दिसू लागली की थांबायचं, कारण ढिगाऱ्यात ती कशीही तिरकी असतात. आणि मातीची भट्टी किंवा चूल दिसली की तिचं बूड ज्या उंचीवर, तिथे जमीन शोधायची. कच्च्या विटांची भिंतही अशीच फसवते, कारण वीट आणि पडलेल्या विटांचा ढिगारा यांची माती एकच. अशा वेळी टिकाव बाजूला ठेवून वरून आडवं खरवडत जायचं. उभ्या भिंतीत विटांमधले सांधे सरळ रेषेत दिसतात, ढिगाऱ्यात ते वाकडेतिकडे होतात.

सगळ्यात जास्त नुकसान करतात ते खड्डे. धान्याची पेवं, कचऱ्याचे खड्डे, कबरी, आणि जुन्या भिंतीचे दगड काढून नेल्यावर उरलेले चर. समजा, इसवी सनापूर्वी ६०० च्या माणसाने दोन मीटर खोल पेव खणलं. त्याचं तोंड त्याच्या घराच्या जमिनीत, पण बूड पोचतं इसवी सनापूर्वी ९०० च्या थरात. पेव वेळेत ओळखलं नाही तर सहाव्या शतकाची खापरं नवव्या शतकाच्या बादलीत जातात आणि खालचा अख्खा थर तीनशे वर्षांनी तरुण ठरतो. खड्ड्यातली माती बहुधा भुसभुशीत असते, थापी लगेच आत जाते, रंग करडा असतो आणि कडा गोल. शंका आली की त्या जागी खणणं थांबवून आजूबाजूला आडवं खरवडायचं, कड पूर्ण दिसू द्यायची, आणि खड्डा आधी, स्वतंत्र क्रमांकाखाली, तळापर्यंत रिकामा करायचा. जे शेवटी झालं ते आधी निघायला हवं. आपल्याकडच्या काळ्या मातीत आणखी एक त्रास असतो: उन्हाळ्यात पडणाऱ्या भेगांमधून मणी, खापरीचे तुकडे असल्या बारीकसारीक वस्तू खाली उतरतात.

यरीहोला जे झालं ते या शिस्तीच्या अभावानं. जॉन गारस्टँग याने १९३० ते १९३६ मध्ये तिथे खणलं. टेकाडाच्या कडेला त्याला पडलेली दुहेरी तटबंदी मिळाली. तिचा काळ त्याने इसवी सनापूर्वी १४०० च्या आसपास धरला आणि बायबलमधल्या यहोशवाच्या गोष्टीत इस्राएलांनी यरीहो घेताना कोसळलेल्या भिंती म्हणून ती जगभर गाजली. त्या काळी खणताना भिंत दिसली की तिच्या कडेने चर मारत जायची रीत होती. भिंत छान मोकळी होते, पण जो थर तिला टेकलेला होता तोच नेमका कापला जातो. मग ती भिंत कोणत्या जमिनीबरोबर वापरात होती हे सांगायला काही उरत नाही.

१९५२ ते १९५८ मध्ये कॅथलीन केन्यन तिथे गेली. तिने भिंतीला काटकोनात, टेकाडाच्या उतारावरून खोल चर उतरवले आणि छेद वाचले. त्या दुहेरी तटाच्या दोन भिंती मुळात एका काळाच्या नव्हत्याच. दोन्ही आद्य कांस्ययुगातल्या, म्हणजे गारस्टँगच्या तारखेहून जवळपास हजार वर्षं जुन्या. त्या युगात ती तटबंदी सतरा वेळा पडून पुन्हा बांधली गेली होती. ज्या काळात लोक यहोशवाला शोधत होते, त्या उत्तर, म्हणजे शेवटच्या, कांस्ययुगाचं तिला फार थोडं मिळालं: एका घराचा तुकडा, एक भट्टी, एक छोटा चंबू.

इथे बायबल खरं म्हणणारे आणि खोटं म्हणणारे, दोन्ही बाजूंचे लोक घाई करतात. मध्य कांस्ययुगातलं शहर इसवी सनापूर्वी १५५० च्या सुमाराला जळलं, त्यानंतर टेकाडाचा माथा बराच काळ उघडा पडला आणि पावसाने वरची माती धुऊन नेली. धुऊन गेलेल्या माथ्यावर 'काही सापडलं नाही' यातून 'काही नव्हतं' असा अर्थ काढायचा तर आधी किती थर वाहून गेला ते सांगावं लागतं. पण ती गोष्ट गारस्टँगच्या भिंतीवर उभी करता येत नाही, एवढं मात्र केन्यनच्या छेदांनी कायमचं मिटवलं.

केन्यन ही पद्धत शिकली मॉर्टिमर व्हीलरकडे, इंग्लंडमधल्या व्हेरुलेमियमच्या उत्खननात. त्याच व्हीलरच्या हाताखाली ह. धी. सांकलियांनी मेडन कॅसलला काम केलं आणि ते डेक्कन कॉलेजात आले. पुढे १९४४ मध्ये व्हीलर भारतीय पुरातत्त्व खात्याचा प्रमुख झाला, आणि त्याने तक्षशिलेला शिबिर भरवून इथल्या तरुणांना चौकोन, बांध, छेद शिकवले. नेवासे, इनामगाव इथल्या उत्खननाचे अहवाल वाचलेल्या माणसाला केन्यनचे यरीहोचे छेद परके वाटत नाहीत ते त्यामुळे.

आता खापरांकडे. भांडं फुटतं, पण खापर कुजत नाही, गंजत नाही, आणि कोणी ते उचलून वितळवत नाही. म्हणून टेकाडात सोनं मिळो न मिळो, खापरं टनाने मिळतात. फ्लिंडर्स पेट्री याने १८९० मध्ये टेल एल-हेसीला अवघ्या सहा आठवड्यांत दाखवून दिलं, की ओढ्याने कापलेल्या कडेत खालून वर जाताना भांड्यांचे आकार ठरावीक क्रमाने बदलतात. लेख नसला तरी काळ सांगता येतो तो या क्रमावरून. १९२६ ते १९३२ मध्ये विल्यम ऑलब्राइटने टेल बेत मिर्सिमला हा क्रम घट्ट बसवला.

एकच वस्तू जवळून पाहू: तेलाचा दिवा. आपली पणती डोळ्यांसमोर आणा, बहुतेक काळ तो तसाच आहे. वाटी चाकावर काढायची आणि ओली असतानाच काठ चिमटीत धरून वातीला चोच करायची. आता काळ कसा ठरतो ते पाहा. इसवी सनापूर्वी २४०० ते २००० च्या दरम्यान काठ चार ठिकाणी चिमटलेला, म्हणजे चार चोची. त्यानंतर मध्य कांस्ययुगात एकच चोच, तीही जेमतेम दाबलेली, बूड गोल. उत्तर कांस्ययुगात चिमटा खोल जातो आणि काठाला बाहेर वळलेली पट्टी येऊ लागते. लोहयुगात ती पट्टी रुंद आणि ठळक होते. यहूदाच्या राज्याच्या शेवटच्या शतकात बूड एकदम जाड आणि उंच होतं. दिवा स्थिर बसतो, हातात घेतला तर जड लागतो. पुढे ग्रीक काळात वरून झाकलेले, तेल ओतायला भोक असलेले दिवे रूढ होतात. इसवी सनाच्या पहिल्या शतकातला यहूदियातला दिवा तर लांबून ओळखू येतो: गोल झाकलेलं अंग आणि त्याला वेगळी जोडलेली, सुरीने तासून दोन्ही कडांना आत वळवलेली चोच.

यातली चूक होण्याची जागाही सांगतो. हाती चोचीचा तुकडा आला तर काळ जवळपास ठरतो, बुडाचा आला तर अंदाज बांधता येतो, आणि नुसता वाटीचा मधला तुकडा आला तर तो दिव्याचा की साध्या वाडग्याचा हेही छातीठोक सांगता येत नाही. म्हणून काठ, बूड, कान आणि नक्षी असलेले तुकडे वेगळे काढतात. बाकीचे मोजून, तोलून, नोंदून ठेवतात. शिवाय एका तुकड्यावर कधी जायचं नाही. थरातल्या शंभर काठांपैकी नव्वद एका काळाचे असतील आणि पाच जुने, तर ते पाच विटांच्या मातीतून आलेत. पाच नवे असतील, तर कुठेतरी न दिसलेला खड्डा आहे आणि छेदाकडे परत जायला हवं. थराची तारीख सगळ्यात नव्या, पण जागेवरच सापडलेल्या तुकड्यावरून ठरते.

तर लाखीश. टेल एद-दुवैर या टेकाडावर जे. एल. स्टार्की याने १९३२ ते १९३८ मध्ये खणलं. त्याला दोन जळके थर मिळाले; थरांचे क्रमांक वरून खाली मोजलेले. वरचा, दुसरा थर इसवी सनापूर्वी ५८६ च्या बाबिली स्वारीचा, याबद्दल फारसा वाद नव्हता. त्याच्याखालचा तिसरा थर भयंकर जळलेला: विटा भाजून लाल झालेल्या, घरांमध्ये भांडी जागच्या जागी चिरडलेली. स्टार्कीने तो ५९७ च्या, म्हणजे बाबिलचा राजा नबुखद्नेस्सर याच्याच आदल्या स्वारीला जोडला. दोन थरांमध्ये अंतर दहा-अकरा वर्षांचं. १९३८ मध्ये स्टार्कीची वाटेत हत्या झाली आणि अहवाल लिहायचं काम ऑल्गा टफनेलवर आलं.

टफनेलने खापरं लावायला घेतली तेव्हा तिच्या लक्षात आलं, की दोन थरांतली भांडी एकमेकांशी फार थोडी जुळतात. साठवणीचे रांजण वेगळे, दिव्यांची बुडं वेगळी, वाडग्यांचे काठ वेगळे. एका गावातले कुंभार दहा वर्षांत सगळेच आकार टाकून देत नाहीत. त्यासाठी किमान दोन-तीन पिढ्या लागतात. १९५३ च्या अहवालात तिने लिहिलं, की तिसरा थर ७०१ चा, सन्हेरीबाचा. ऑलब्राइटला ते मान्य झालं नाही, केन्यनलाही नाही. यात केन्यन चुकली हे मुद्दाम सांगतो, कारण यरीहोमुळे तिच्या शब्दाला फार वजन होतं.

तोडगा १९७३ पासून डेव्हिड उसिश्किनने काढला, आणि तोही कुदळीनेच. तिसऱ्या थराच्या खाली चौथा थर आहे, पण तो अशा आगीत संपलेला नाही. म्हणजे ७०१ ला लाखीश जळलं हे अश्शूरी लेख आणि शिल्पं सांगत असतील, तर त्या आगीसाठी टेकाडात एकच जागा उरते: तिसरा थर. नैऋत्य कोपऱ्यात वेढा घालणाऱ्यांनी तटावर चढायला रचलेला दगडी उतार सापडला, आतून शहरवाल्यांनी घातलेला प्रतिभराव सापडला, त्या परिसरात बाणांची शेकडो पाती आणि गोफणीचे दगड सापडले. निनवेच्या शिल्पांत असाच उतार कोरलेला आहे. ती शिल्पं आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत.

याचा परिणाम एका गावापुरता नव्हता. तिसऱ्या थराच्या जळक्या जमिनींवर साधारण ४५ लिटर मावणारे चार कानांचे रांजण होते. काहींच्या कानांवर ओल्या मातीत शिक्का मारलेला: 'राजाचा', आणि खाली हेब्रोन, सोको, झीफ किंवा 'ममशत' असं एक नाव. असे शिक्क्यांचे कान एकट्या लाखीशला चारशेवर मिळाले, आणि यहूदातल्या कितीतरी टेकाडांवर ते मिळतात. तिसरा थर ७०१ चा ठरल्यावर हे रांजण तेव्हा यहूदावर राज्य करणाऱ्या हिज्कीया राजाच्या काळातले ठरले, आणि ते ज्या ज्या थरात सापडले होते त्या सगळ्यांच्या तारखा शंभरेक वर्षांनी मागे सरकल्या. एका थराचा क्रम नीट लावल्यामुळे अख्ख्या राज्याच्या आठव्या शतकाचा नकाशा नव्याने काढावा लागला.

इथे कोणीही विचारेल, कार्बन-१४ मोजून तारीख काढायची की सरळ! नेमका याच काळात तो पांगळा पडतो. इसवी सनापूर्वी सुमारे ८०० ते ४०० या काळात वातावरणातल्या कार्बनच्या प्रमाणामुळे झाडांच्या वर्षवलयांशी ताळा घालणारी रेषा जवळजवळ सपाट होते. त्यामुळे ७०१ चा जळका दाणा आणि ५८६ चा जळका दाणा प्रयोगशाळेतून एकाच रुंद पट्ट्यात परत येतात. दहाव्या-नवव्या शतकासाठी तो जास्त कामाचा. 'पहिले राजे' मध्ये शलमोन राजाने हासोर, मगिद्दो आणि गेजेर बांधल्याचं म्हटलंय. तिथली सहा खोल्यांची दारं यिगाएल यादीनने दहाव्या शतकाची मानली, तर १९९० च्या दशकात इस्राएल फिंकलश्टाइनने मगिद्दोचे ते थर नवव्या शतकात आणले. तो वाद कार्बनवर बराच लढला गेला आणि अजून धुमसतोय. नमुना घेताना दाणे किंवा ऑलिव्हच्या बियाच घ्यायच्या, त्याही एकाच भांड्यातल्या किंवा एकाच ढिगातल्या, आणि एकाहून जास्त. तुळईचा कोळसा घेतला तर झाड वाढलं तेव्हाची तारीख मिळते. घर जळलं ते कदाचित त्यानंतर शंभर वर्षांनी. सपाट पट्ट्यासाठी अलीकडे दुसरा मार्ग निघालाय. वीट आगीत तापून थंड होते तेव्हा त्या वेळचं पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र तिच्यात नोंदलं जातं. २०२२ मध्ये १७ स्थळांवरच्या २१ जळक्या थरांचा असा अभ्यास प्रसिद्ध झाला.

लेखांबद्दल थोडं, कारण वाचकांना ओढ असते ती त्यांची. लाखीशच्या दुसऱ्या थरात, दाराजवळच्या खोलीत, १९३५ मध्ये शाईने लिहिलेली खापरं मिळाली. शेवटच्या दिवसांतली लष्करी पत्रं ती. त्यातल्या एकात 'अजेकाचे इशारे आम्हाला दिसत नाहीत' अशा अर्थाची ओळ आहे; अजेका हे जवळचंच तटबंदीचं गाव. खापर ब्रशने घासलं की ही शाई गेली. म्हणून नियम असा: प्रत्येक खापर आधी नुसतं पाण्यात बुडवून काढायचं, दोन्ही बाजू उन्हाकडे धरून पाहायच्या, आणि काही नाही याची खात्री झाल्यावरच ब्रश लावायचा. तेवढ्यानेही भागत नाही. आरादला १९६० च्या दशकात सापडलेल्या एका खापराची मागची बाजू कोरी म्हणून सोडली होती. २०१७ मध्ये वेगवेगळ्या तरंगलांबीच्या प्रकाशात फोटो काढल्यावर तिच्यावर द्राक्षारस मागणाऱ्या ओळी दिसल्या. कोऱ्या वाटणाऱ्या खापरांचेही असे फोटो काढायला हवेत असं मला ठामपणे वाटतं.

मातीच्या मोहरांचं उलट. पपायरसच्या गुंडाळीला दोरी बांधून गाठीवर ओल्या मातीचा सेंटिमीटरभर गोळा दाबत आणि त्यावर शिक्का मारत. साधारणपणे हे गोळे ओलाव्याने विरघळून जातात. यरुशलेममध्ये दावीदनगरात यिगाल शिलोला १९८२ मध्ये एका घरात अशा ५१ मोहरा मिळाल्या, कारण ५८६ च्या आगीत पपायरस जळून गेला आणि माती भाजून पक्की झाली. त्यातली एक शाफानाचा मुलगा गमऱ्या याची आहे, हे नाव यिर्मयाच्या पुस्तकात येतं. अशा वस्तू घमेल्यात मातीच्या ढेकळासारख्याच दिसतात. जळक्या थराची माती म्हणून सगळीच्या सगळी चाळायची: आधी पाच मिलिमीटरच्या चाळणीतून कोरडी, मग त्याहून बारीक चाळणीवर पाणी सोडून. न भाजलेल्या मोहरेची शक्यता असेल तर पाणी सोडण्याआधी कोरडा माल हाताने निवडून घ्यायचा.

बाजारातून आलेल्या लेखांवर मी इतिहास उभा करत नाही. इस्राएल म्युझियमने मोठी किंमत मोजून घेतलेलं हस्तिदंती डाळिंब, शलमोनाच्या मंदिरातलं म्हणून दाखवलं जायचं; २००४ मध्ये त्यावरची अक्षरं नंतर कोरलेली असल्याचा निर्वाळा तज्ज्ञांच्या समितीने दिला. १९९३ मध्ये दान इथे मिळालेला बेसॉल्टचा तुकडा, ज्यावर अरामी भाषेत 'दावीदाचं घराणं' असं आहे, तो याच्या उलट टोकाचा. तो भिंतीत दगड म्हणून वापरलेल्या अवस्थेत मिळाला, आणि वर होता इसवी सनापूर्वी आठव्या शतकातल्या अश्शूरी स्वारीचा ढिगारा. लेखाचं वाचन काहीही करा, तो त्या ढिगाऱ्याच्या आधीचा आहे हे मातीनेच सांगितलंय.

पुण्यात बसून हे शिकायचं तर पहिली पायरी येरवड्याला, डेक्कन कॉलेजच्या संग्रहालयात. इनामगावसारख्या वस्त्यांतली जोर्वे पद्धतीची लाल भांडी, काळ्या रंगाची नक्षी, लांब तोट्या नीट पाहा: काठ कसा वळलाय, लेप कुठे संपतो, जाडी कुठे कमी होते. मग घरी काठ काढायचा सराव करा. कसब्यातल्या कुंभारवाड्यात फुटका माल मिळतो, त्यातले काठाचे तुकडे घ्या. कागदावर अर्ध्या-अर्ध्या सेंटिमीटरने वाढत जाणारी वर्तुळं काढा. तुकडा सपाट काचेवर उलटा धरा आणि काठ व काच यांच्यात कुठेही फट राहणार नाही असा कोन शोधा. भांडं उभं असताना काठ त्याच कोनात होता. त्या कोनात तुकडा वर्तुळांवर सरकवत न्या, जिथे वक्रता जुळेल तो भांड्याचा व्यास. मग मधोमध उभी रेघ मारून एका बाजूला तुकड्याची कापलेली जाडी काढा, दुसऱ्या बाजूला बाहेरचं अंग. कोन चुकला की वाडग्याचा रांजण होतो, आणि सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. तुकड्यात पूर्ण वर्तुळाचा वीसावा भागही नसेल तर व्यास लिहू नका, नुसता काठाचा आकार काढून ठेवा.